जुन्या, अवघड गोल्फ कोर्सवर मैत्रीचा राऊंड : ड्रायव्हर न्यायचा की नाही, जांभ्यावर कसं मारायचं, हिशोब कसा घालायचा?

टिळकवाडीकर

डिसेंबरात चौघांचा मैत्रीचा राऊंड ठरतोय. कोर्स बेळगावचा, जुना, छावणीच्या काळातला. नऊ होल, तीच दोनदा खेळून अठरा. कार्डावरची लांबी बघितली तर हसू येतं. पण दोन्ही अंगांना झाडी, ग्रीन्स (होलभोवतीची बारीक गवताची जागा) इवलीशी, दोन ठिकाणी टीवरून (पहिला शॉट मारायची जागा) होलचा फ्लॅगच दिसत नाही आणि जमीन जांभ्याची. हँडिकॅप (मिळणारी शॉटांची सूट, जेवढी जास्त तेवढा गडी कच्चा) १२, १८, २२ आणि २६. तिघांना सवय नव्या, रुंद, रोज पाणी मारलेल्या कोर्सची. पैज कुंद्याची (आपली बेळगावची मिठाई), म्हणजे भांडण ठरलेलंच.

विचारायचं असं की ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, न्यायचा की घरी ठेवायचा? कडक जमिनीवरून आणि पातळ वाळूच्या बंकरमधून कसं मारायचं? आणि हिशोब कसा घातला म्हणजे २६ वाला शेवटच्या होलपर्यंत खेळात राहील? नेमकं सांगा. "मजा करा" एवढं आम्हाला कळतं.

---

कॅम्पातला_कट्टा

मामा, आधी कार्ड उलटं वाचायला घ्या. ग्रीनकडून टीकडे.

जुन्या कोर्सवर लांबी हा अडथळाच नसतो. हे कोर्स आखले तेव्हा काठ्या लाकडी शाफ्टच्या होत्या. स्टीलच्या शाफ्टला आर अँड ए ने (गोल्फचे नियम करणारी संस्था) मान्यता दिली ती १९२९ साली. त्या काळी टीवरून मारलेला चांगला बॉल जिथे थांबायचा तिथे मोकळी जागा ठेवलेली असते, आणि तिच्या पुढे फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट) आवळत जातो. त्यात तेव्हाची रोपं आता वृक्ष झालेली. आजचा ड्रायव्हर मोकळी जागा ओलांडून बॉल नेमका त्या आवळलेल्या भागात नेऊन सोडतो. कोर्स अवघड वाटतो तो यामुळे.

उदाहरण घ्या. ३३० यार्डांचं पार चार, म्हणजे चार शॉटांत संपवायचं होल. २२० यार्डांवर डावीकडे झाडांची रांग, उजवीकडे कुंपण, मध्ये जेमतेम २५ यार्ड. १८० यार्डांवर तीच जागा ५० यार्ड रुंद. १८ हँडिकॅपवाल्याने तिथे हायब्रिडने (ड्रायव्हरहून कमी लांब मारणारा क्लब) १८० मारलं तर १५० उरतात, म्हणजे सात नंबरची आयर्न. बॉल ग्रीनच्या तोंडाशी थांबला तरी पुढे चिप (छोटा उडवलेला शॉट) आणि पट (ग्रीनवरचा घरंगळता शॉट), चार किंवा पाच. ड्रायव्हरने ११० उरले असते हे खरं. पण बॉल झाडात गेला तर एक शॉट आडवा बाहेर काढण्यात जातो आणि हिशोब सहा-सातवर पोचतो.

म्हणून प्रत्येक होलला हे ठरवा : ग्रीनवर कुठल्या बाजूने यायला वाट आहे, तिथे किती यार्डांवरून यायला आवडेल, आणि तेवढं अंतर उरवायला टीवरून किती मारावं लागेल. हे तिन्ही आकडे कार्डावरच पेन्सिलीने लिहून ठेवा. टीवर उभं राहून ठरवायला गेलात तर हात ड्रायव्हरकडेच जातो.

कार्ड यार्डांत आहे की मीटरमध्ये तेही बघून घ्या. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. एवढ्या फरकात एक क्लब इकडचा तिकडे होतो.

---

चिकोडीकर

ड्रायव्हर बाहेरच काढू नका असं म्हणालाय काय तुम्ही? पटत नाही.

हरळीच्या रफमधून (फेअरवेबाहेरचा भाग) ११० यार्ड मारणं हे फेअरवेवरून १५० मारण्यापेक्षा सोपं आहे, विशेषतः २० च्या वरच्या हँडिकॅपला. लांब आयर्न आणि हायब्रिड ह्याच लोकांच्या सगळ्यात कच्च्या. टीवर बॉल उंच ठेवलेला, क्लबचं डोकं मोठं. ड्रायव्हर उलट सोपा जातो त्यांना. जिथे जागा आहे तिथे मारू देत की.

---

कॅम्पातला_कट्टा

रफ नुसता हरळीचा असेल तर तुमचं बरोबर. पण जुन्या कोर्सवर रफ म्हणजे मुळं, पालापाचोळा, नाला, कुंपण. तिथे ११० यार्ड उरले काय आणि ९० उरले काय, फ्लॅगकडे मारायलाच मिळत नाही. कसोटी सोपी आहे : चुकलेल्या बॉलवरून पुढचा शॉट ग्रीनच्या दिशेने मारता येणार असेल तर ड्रायव्हर, नाहीतर नाही. नऊ होलमध्ये अशी दोन-तीन होलं निघतात. तेवढ्यासाठी पिशवीत राहू दे तो.

---

चिकोडीकर

हे चालतंय.

---

खानापूर_जांभा

कडक जमिनीचं मी सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

जांभ्यावर मातीचा थर पातळ. पावसाळाभर हरळी भरगच्च दिसते, दिवाळीनंतर पाणी तोडलं की विरळ होते आणि बॉल अक्षरशः जमिनीला टेकून बसतो. वेजच्या (जवळून बॉल उंच उडवायचा क्लब) तळाला जो फुगवटा असतो, ज्याला बाऊन्स म्हणतात, तो मऊ जमिनीत आणि वाळूत क्लबला रुतू देत नाही. सँड वेजला तो साधारण १० ते १२ अंश असतो. कडक जमिनीवर हाच फुगवटा बॉलच्या मागे आपटतो, क्लब उसळतो आणि पुढची धार बॉलच्या पोटावर बसते. बॉल गुडघ्याएवढ्या उंचीने ग्रीन ओलांडून पलीकडच्या झुडपात. लोक म्हणतात डोकं उचललं. डोक्याचा काही संबंध नाही, क्लब चुकीचा होता.

अशा जागी :

सँड वेज आत ठेवा. पिचिंग वेज किंवा नऊ नंबर काढा, नाहीतर ४ ते ६ अंश बाऊन्सची वेज असेल तर ती. बॉल मागच्या पायाच्या अंगठ्यासमोर, वजन साठ टक्के पुढच्या पायावर, हात बॉलच्या थोडे पुढे. मनगट मोडायचं नाही. आधी बॉल, मग जमीन. फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) उघडायचा नाही, उघडला की फुगवटा आणखी खाली येतो.

ग्रीनपासून १५ पावलांच्या आत असाल आणि मध्ये खडा नसेल तर पटरच काढा. पटरने वाईट मारलेला बॉलसुद्धा वेजने बरा मारलेल्या बॉलच्या आसपासच थांबतो. बाहेरच्या हरळीत वेग मरतो, म्हणून जेवढं अंतर हरळीतून आहे तेवढं दुप्पट धरून मारायचं. थंडीत सकाळी दव असेल तर त्याहून थोडं जास्त.

पूर्ण शॉटला डिव्हॉट (गवतासकट मातीची ढलपी) काढायच्या भानगडीत पडू नका. आयर्न एक नंबर मोठी घ्या, पकड इंचभर खाली, स्विंग पाऊण. मनगट वाचतं आणि क्लबचा फेसही. बॉलभोवतीचे सुटे खडे उचलता येतात, फक्त बॉल हलू द्यायचा नाही. २०१९ च्या नियमांपासून बंकरमधलेही उचलता येतात.

मुळाला टेकलेला बॉल मारूच नका. हाताला झिणझिण्या येण्यावर भागलं तर नशीब. मैत्रीच्या राऊंडमध्ये आधीच ठरवून ठेवा की फेअरवेलगतच्या उघड्या मुळांपासून फुकट ड्रॉप, म्हणजे दंडाशिवाय बॉल बाजूला टाकून खेळायचा. असा स्थानिक नियम खऱ्या स्पर्धांतही करता येतो.

---

घटप्रभाकाठ

पूर्वेकडे, गोकाक-अथणीच्या बाजूला काळी माती. तिथे हिवाळ्यात बॉल असा उसळत नाही, पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बॉल भेगेत जातो. तुमच्याकडे जांभा, तेव्हा उलट. बॉल पडल्यावर पंधरा-वीस यार्ड सहज पळतो, आणि तिरक्या फेअरवेवर पळतो तो उताराकडेच. डावीकडे उतार असेल तर फेअरवेच्या उजव्या कडेवर नेम धरा.

---

टिळकवाडीकर

बेळगावच्या उंचीमुळे बॉल जास्त जातो म्हणतात, त्याचं काय?

---

घटप्रभाकाठ

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. हवेतलं अंतर दोन-अडीच टक्क्यांनी वाढतं, फार तर तीन. १५० यार्डांना चार यार्ड. अर्धा क्लबसुद्धा नाही. बेंगळूरची सवय असलेल्याला तर काहीच फरक नाही, ते आणखी उंचावर आहे. गोव्याहून येणाऱ्याने मात्र ध्यानात धरावं. शिवाय डिसेंबरच्या सकाळी थंड हवेत बॉल कमी जातो, म्हणजे पहिल्या दोन-तीन होलांना वजाबाकी होऊन शून्य.

चढ-उताराचा हिशोब जास्त महत्त्वाचा. ग्रीन पाच यार्ड वर असेल तर अंतरात पाच यार्ड मिळवा, खाली असेल तर वजा करा.

---

खानापूर_जांभा

बंकरचं राहिलं होतं.

चांगल्या बंकरमध्ये तळाला वाळूचा थर दहा सेंटिमीटर तरी हवा. आपल्याकडे चार महिने पाऊस झोडपतो, वाळू वाहून एका कोपऱ्यात जमते आणि बाकी ठिकाणी दोन बोटं वाळू, खाली मुरूम. जुन्या बंकरला निचऱ्याची नळी नसते, म्हणून हे दरवर्षी होतं. हाताने किंवा क्लबने वाळू चाचपायची नाही, दंड बसतो. पण उभं राहताना पाय घट्ट रुतवायला परवानगी आहे. बूट फिरवत आत घाला. टाच लगेच कडक लागली की समजायचं थर पातळ.

थर जाड असेल तर नेहमीसारखं : सँड वेज, फेस उघडा, बॉलच्या मागे दोन इंचांवर, पूर्ण फॉलो-थ्रू. पातळ असेल तर पिचिंग वेज, फेस सरळ, बॉल मध्यावर, मागे अर्ध्या इंचावर, आणि बॉल पुढे पळणार हे धरून फ्लॅगच्या आधीच उतरवायचा. बंकरचा ओठ (पुढची कड) बुटका असेल तर सरळ पटर. हसतील, हसू देत.

अडकलाच, तर बॉल न खेळण्याजोगा जाहीर करता येतो. एका दंडात, म्हणजे एक शॉट जादा मोजून, बंकरच्या आतच ड्रॉप. बंकरच्या बाहेर, फ्लॅग आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे ड्रॉप घ्यायचा तर दोन दंड. २६ वाल्याला हे नक्की सांगून ठेवा. तीन वेळा वाळू उडवण्यापेक्षा दोन दंड स्वस्त.

---

नवशिका_नेसरी

ग्रीन्स इवलीशी म्हणालात. नव्या कोर्ससारखं फ्लॅगवर उडवून थांबवता येत नाही का?

---

कॅम्पातला_कट्टा

बहुतेक वेळा नाही, आणि कारण जमिनीच्या खाली आहे.

नव्या ग्रीनखाली साधारण १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर वाळूचा थर असतो. अमेरिकेच्या यूएसजीए या गोल्फ संघटनेने ही रचना पहिल्यांदा १९६० साली मांडली. पाणी खाली झिरपतं, म्हणून ग्रीन सपाट ठेवता येतं आणि मऊही राहतं. त्याआधीची ग्रीन्स म्हणजे आजूबाजूची माती ओढून केलेला उंचवटा. पाणी झिरपत नाही, ते वरून वाहून जायला हवं. म्हणून ग्रीन मागून पुढे उतरतं, कडाही सगळीकडून खाली वळलेल्या. मधला खरा उपयोगी भाग ग्रीनच्या दोन तृतीयांशच धरा. कडेवर उतरलेला बॉल बाहेर घरंगळतो.

याचे दोन परिणाम. एक, बॉल फ्लॅगच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला, खाली ठेवायचा. वरून खाली येणारा दोन मीटरचा पट हा खालून वर जाणाऱ्या पाच मीटरच्या पटपेक्षा अवघड असतो. मागच्या बाजूला गेलात की चिपही उतारावर, थांबता थांबत नाही. म्हणून क्लबबद्दल शंका असेल तर लहान. नव्या कोर्सवर सगळे उलटं शिकवतात, "एक क्लब जास्त घ्या". इथे ते विसरायचं.

दोन, बॉल ग्रीनच्या आठ-दहा यार्ड आधी टाकून आत पळवायचा. जुन्या ग्रीन्सना बहुतेक वेळा समोर तोंड मोकळं ठेवलेलं असतं ते ह्यासाठीच.

---

हिंडलगा_नाका

हरळीचा कलही बघा. ग्रीनवर एका बाजूने बघितलं की गवत चकाकतं, दुसऱ्या बाजूने काळपट दिसतं. चकाकी दिसते तेव्हा गवत तुमच्यापासून दूर झुकलेलं, पट वेगात. काळपट दिसलं की गवत तोंडावर, तिथे जोर हवा. खात्री नसेल तर होलच्या कडेला वाकून बघा. एका बाजूची कड झिजून विस्कटलेली असते, गवताचा कल त्या बाजूला. उतार आणि कल एकाच दिशेने असतील तर नेहमीपेक्षा दीडपट वळण द्या.

आणि पिच मार्क (बॉल पडून झालेला खड्डा) दुरुस्त करून जा, बाबांनो. फोर्क खड्ड्याच्या कडेला घालून माती मध्याकडे ढकलायची, गोल फिरत, मग पटरने थोपटायचं. खालून वर उचकटायचं नाही. उचकटलं की मुळं तुटतात आणि तिथे ग्रीन महिनाभर तपकिरी राहतं. जुन्या मातीच्या ग्रीनवर तर जास्तच.

---

नवशिका_नेसरी

काही ठिकाणी गवताच्या ग्रीनऐवजी "ब्राऊन" असतात म्हणे. ते काय?

---

हिंडलगा_नाका

पाणी कमी असायचं तिथे ग्रीनऐवजी वाळूची गोल पाटी करत. वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवायचं, म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि बसून घट्ट राहते. रंग तपकिरी, म्हणून ब्राऊन. हळूहळू कमी होत गेले.

मिळालाच असा ब्राऊन तर : बॉल थेट त्यावर उंचावरून टाकू नका, खड्डा करून तिथेच रुततो नाहीतर तेलकट कडक भागावरून घसरून पलीकडे. पुढच्या हरळीत टाकून पळवा. वर पोचल्यावर बॉलची जागा मार्क करायची, होलपासून तेवढ्याच अंतरावर एक पट्टा पाट्याने किंवा गोणपाटाने ओढून सपाट करायचा आणि त्या पट्ट्यावर बॉल ठेवून पट करायचा. वळण जवळजवळ नसतंच. सरळ मारा, ग्रीनपेक्षा जोरात. तुमच्यानंतर पट्टा परत ओढून ठेवायचा. बूट-पँटवर तेल लागतं, पांढरी पँट नको.

---

निपाणीचा_नाना

आता पैजेचं. चौघांना चार-बॉल मॅचप्ले (होलवार हारजीत) सगळ्यात बरा. दोन जोड्या, प्रत्येकजण आपापला बॉल खेळणार, जोडीतला चांगला आकडा त्या होलचा. एकाचं होल बिघडलं तर बॉल खिशात घालायचा, जोडीदार आहे. खेळही रखडत नाही.

जोड्या : १२ आणि २६ एकीकडे, १८ आणि २२ दुसरीकडे. बेरीज ३८ आणि ४०, बरोबरीच्या आसपास.

शॉट्सचा हिशोब. वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम २०२० मध्ये आली, त्यात चार-बॉल मॅचप्लेला ९० टक्के धरतात. म्हणजे १२ चे ११, १८ चे १६, २२ चे २०, २६ चे २३. मग सगळ्यात कमी असलेला शून्यावर आणि बाकीच्यांना फरक :

१२ वाला – ०
१८ वाला – ५
२२ वाला – ९
२६ वाला – १२

कार्डावर स्ट्रोक इंडेक्सचा (कुठलं होल किती अवघड त्याचा क्रम) रकाना असतो. १८ वाल्याला इंडेक्स १ ते ५ च्या होलांवर एकेक शॉट, २२ वाल्याला १ ते ९, २६ वाल्याला १ ते १२. नऊ होलचा कोर्स दोनदा असेल तर इंडेक्स बघूनच घ्या. साधारण पहिल्या फेरीला विषम, दुसऱ्या फेरीला सम आकडे असतात. नाहीतर सगळे शॉट पहिल्याच फेरीत संपतात.

हे १२-१८-२२-२६ जर हँडिकॅप इंडेक्स (कुठलाही एक कोर्स न धरता काढलेला आकडा) असतील, तर आधी त्या कोर्सचं हँडिकॅप काढायचं. इंडेक्स गुणिले स्लोप भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवायचं. स्लोप आणि रेटिंग हे कोर्स किती अवघड त्याचे आकडे. समजा स्लोप १२५, रेटिंग ६८.४, पार ७०. इंडेक्स १८ असेल तर १९.९ वजा १.६, म्हणजे १८. आखूड कोर्समुळे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतात. कोर्सचं रेटिंगच झालं नसेल तर चौघांनी मिळून आकडे ठरवा आणि टीवर जायच्या आधी कागदावर लिहा. नंतर नाही.

पैज तीन भागांत लावा : पहिल्या नऊची एक, दुसऱ्या नऊची एक, अठराची एक. सकाळी चार होल हरलेली जोडी दहाव्या टीवर पुन्हा शून्यावर येते. एकच पैज असली की चौदाव्या होलला खेळ संपतो आणि उरलेली चार होलं सगळे मोबाइल बघत चालतात.

---

चिकोडीकर

नाना, गिमी (न मारता दिलेला पट) आणि मुलिगन (चुकला म्हणून फुकट दुसरा शॉट)?

---

निपाणीचा_नाना

गिमी मॅचप्लेमध्ये नियमातच बसते. समोरच्याने दिली तर झालं, मागायची नाही. स्ट्रोकप्लेमध्ये (एकूण शॉट मोजतात तो प्रकार) मात्र शेवटचा पट घालावाच लागतो. घोळ टाळायला माप ठरवा : पटर होलमध्ये टेकवून आडवा ठेवला आणि बॉल ग्रिपच्या खालच्या टोकाच्या आत आला तर दिला. साठ सेंटिमीटरच्या आसपास होतं ते. उतारावरून खाली येणारा पट मापात बसला तरी देऊ नका, जुन्या ग्रीनवर तोच तर चुकतो.

मुलिगन पहिल्या टीवर एक, बस. माझ्या मते तोही नको. त्यापेक्षा सराव जाळीत दहा बॉल मारून या.

---

हिंडलगा_नाका

पहिल्या टीवर उभं राहून एवढं मोठ्याने वाचून घ्या, नंतर वाद नाही :

हरवलेला बॉल शोधायला तीन मिनिटं. पूर्वी पाच होती, २०१९ पासून तीन. हरवला किंवा बाहेर गेला असेल असं वाटलं तर "प्रोव्हिजनल" असं बोलून दुसरा मारायचा. न बोलता मारला तर तोच खेळातला बॉल ठरतो.

प्रोव्हिजनल मारला नाही आणि बॉल कुंपणापलीकडे गेला, तर टीवर परत चालत जायला नको. जिथून बाहेर गेला त्याच्या जवळच्या फेअरवेवर, होलच्या जवळ न जाता, दोन दंड घेऊन ड्रॉप. टी शॉट असेल तर पुढचा शॉट चौथा. हा स्थानिक नियम आहे, कोर्सने लावलेला नसला तरी मैत्रीत लावून घ्या. आवळलेल्या जुन्या कोर्सवर ह्याने अर्धा तास वाचतो.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. खांद्यावरून टाकायची सवय जुन्या मंडळींची अजून जात नाही.

सुटं वारूळ, गांडुळाची माती हाताने बाजूला करता येते. जांभ्यावरचं घट्ट वारूळ हलत नाही. त्याला दुरुस्तीखालची जमीन धरून फुकट ड्रॉप, असं ठरवा. प्राण्याने उकरलेल्या बिळापासून फुकट ड्रॉप आहेच.

कावळ्याने किंवा कुत्र्याने बॉल पळवला आणि कुणी डोळ्यांनी बघितलं असेल तर दंड नाही, मूळ जागी दुसरा ठेवायचा.

साप, आग्यामोहोळ असलं काही बॉलजवळ असेल तर धोकादायक प्राण्याचा नियम लागू होतो. फुकट, सुरक्षित जागी, होलच्या जवळ न जाता. बॉल उचलायलाही जायची गरज नाही, दुसरा वापरा. हे उगाच सांगत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या दिसला म्हणून आसपासच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती आणि शोधायला हत्ती आणले होते. झुडपात शिरायचं तर आधी काठीने आवाज करा, हात घालू नका.

---

खानापूर_जांभा

फ्लॅग दिसत नाही त्या दोन होलांवर आगेवाला ठेवाच. पुढे टेकाडावर उभा राहणारा माणूस, हातात फडकं. तो इशारा देईपर्यंत मारायचं नाही. पुढचा गट उतारापलीकडे आहे की गेला, हे टीवरून कळत नाही. टेकाडावर रंगवलेला दगड किंवा खांब असतो तो दिशेसाठी. त्याच्यावरूनच मारायचं की डावीकडून, हे कॅडीला विचारा. बहुतेक वेळा खांब सुरक्षित वाट दाखवतो, जवळची नव्हे. बॉल वाकडा गेला की लगेच "फोर" ओरडा. लाजून गप्प बसू नका, पलीकडे बाई शेण गोळा करत असेल.

कॅडी मराठी-कानडी दोन्ही बोलतात. ग्रीनवर "एडक्के दोन बॉल" असं म्हणाला तर डावीकडे दोन बॉलांइतका नेम धरायचा. त्याला अंतर विचारण्यापेक्षा "कुठे गेलं तर मेलो?" हे विचारा, उत्तर जास्त कामाचं येतं.

---

नवशिका_नेसरी

पिशवीत काय काय घ्यायचं? चौदा क्लब न्यायलाच हवेत का?

---

खानापूर_जांभा

चौदा ही वरची मर्यादा आहे. अशा कोर्सवर नऊ पुरतात : ड्रायव्हर (वरच्या वादाला मान देऊन), एक हायब्रिड, पाच, सात, आठ आणि नऊ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज, पटर. जुन्या, फेस झिजलेल्या वेजा असतील तर त्याच न्या, जांभा नव्या क्लबची धार खातो. बॉल माणशी सहा तरी, आणि महागडे नकोत. झाडाच्या बुंध्यावर, दगडावर आपटून चरे पडतात. पेनाने खूण करा, चौघांकडे एकच ब्रँड निघतो आणि मग झाडीत कुणाचा कुठला कळत नाही. डिसेंबरात रबरी गुठळ्यांचे बूट चालतात. पावसाळ्यात मात्र स्पाइक हवेत, ओल्या जांभ्यावरच्या शेवाळावर पाय निसटतो.

---

घटप्रभाकाठ

वेळ. डिसेंबरात इकडे सूर्य सातच्या जरा आधी उगवतो. सातला पहिली टी धरा. चौघांना अठरा होलांना चार-सव्वाचार तास, म्हणजे उन्हाच्या आत संपतं. नऊपर्यंत दव असतं. तोवर ग्रीन्स संथ आणि बॉल कमी पळतो, दव उडालं की तीच ग्रीन्स वेगळी लागतात. दुसऱ्या फेरीत तेच होल, तोच पट म्हणून तोच जोर लावला की बॉल दीड मीटर पुढे जातो. नऊ होल दोनदा खेळण्यात हाच सापळा आहे.

ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावं, दूरचा आधी ही शिस्त मॅचप्लेपुरतीच ठेवा, तीही दोघांनी मान्य केली तर सोडता येते.

---

चिकोडीकर

नऊ होल दोनदा म्हणजे अर्धं गोल्फ असं आमच्यातला एकजण म्हणतो.

---

कॅम्पातला_कट्टा

त्याला सांगा, सेंट अँड्र्यूजलाही अठराचा फेरा हा १७६४ साली काही होलं एकत्र केल्यावर झाला, त्याआधी तिथे बावीस होती. आपल्याकडे छावण्यांत जागा मिळाली तेवढी होलं आखली. रॉयल कलकत्ता १८२९ चं, बेंगळूरचा क्लब १८७६ चा. पण प्रत्येक ठाण्याला तेवढी जमीन कुठली. शिवाय दुसऱ्या फेरीसाठी टीची जागा बदलता येते. पाचच यार्ड पुढे-मागे, डावी-उजवीकडे केली तरी कोन बदलतो आणि पहिल्या फेरीत न दिसलेलं झाड आड येतं.

---

टिळकवाडीकर

बहुतेक सगळं मिळालं. कार्डाचा फोटो मागवून उलटं वाचायला बसतोय. एकच राहिलं : चौथं होल पार तीन, १६५ यार्ड, नाल्यापलीकडे उंचावर ग्रीन, मागे कुंपण. २६ वाल्याला १६५ एकदम पोचवणारा क्लबच नाही. नाला डिसेंबरात कोरडा असतो, लाल खुंट्या आहेत, म्हणजे पेनल्टी एरिया.

---

खानापूर_जांभा

त्याने नाल्याच्या अलीकडे १०० यार्डांवर आठ किंवा नऊ नंबरने बॉल ठेवावा, मग पिचिंग वेजने ६५. ग्रीन उंच आहे म्हणजे ७० धरा. चार झाले तर त्या होलला त्याला शॉट असल्यास नेट (सूट वजा करून) तीन.

नाल्यात गेलाच आणि बॉल दिसतोय, खाली रेती आहे, तर दंड न घेता तिथूनच खेळता येतो. पेनल्टी एरियात क्लब जमिनीला टेकवायलाही आता परवानगी आहे. पण नाल्याचा काठ छातीएवढा असेल तर तो नाद नको. एक दंड, जिथून आत गेला तिथून दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप, होलच्या जवळ न जाता. दोन क्लबचं अंतर मोजायला पिशवीतला सगळ्यात लांब क्लब धरायचा, पटर सोडून. ड्रायव्हर त्यासाठी तरी न्या.

---

चिकोडीकर

बघा, ड्रायव्हर लागलाच की.